मुखिया, सनद आणि कोठार

आफ्रिकेतील किंवा प्रशांत महासागरातील एखाद्या घटनेचे वृत्त मराठीत येते तेव्हा त्यातील 'चीफ' हा गृहस्थ बहुधा 'टोळीप्रमुख' होऊनच आपल्यापुढे उभा राहतो. मग त्याच्या अंमलाखाली चाळीस झोपड्या असोत की शेकडो गावे, त्याचा अधिकार वंशपरंपरेने आलेला असो की परकीय सरकारने एका कागदानिशी बहाल केलेला असो, याची विचारपूस करण्याची गरज कोणाला भासत नाही. ही केवळ भाषांतरातील हेळसांड असती तर तिच्यासाठी वृत्तपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु असल्याच ढिसाळ समजुतीच्या आधारे एके काळी लक्षावधी माणसांचा कारभार हाकला गेला आहे.

'चीफडम' ही संज्ञा, जिला मी येथे मुखियासत्ता म्हणतो, १९५५ साली मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील सखल प्रदेशाच्या समाजांना लावली, आणि १९६२ साली एल्मन सर्व्हिस यांनी तिला भटका गट, जमात, मुखियासत्ता व राज्य अशा चार पायऱ्यांच्या जिन्यात तिसरी जागा दिली. संज्ञेत तथ्य आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. मेलानेशियातील 'बडा माणूस' मेजवान्या घालून, डुकरे वाटून आपल्याभोवती माणसे जमवितो आणि हात आखडताच ती गमावतो. पॉलिनेशियातील मुखिया मात्र जन्मानेच त्या पदाचा धनी असतो, हा मार्शल सालिन्स यांनी १९६३ साली मांडलेला भेद ज्याच्या ध्यानी आला, तो दोघांनाही एकाच 'टोळीप्रमुखा'त कोंबणार नाही.

पण सर्व्हिस यांनी या मुखियाचे जे चित्र काढले ते अंमळ भाबडे होते. डोंगरातले, शेतातले, समुद्रातले उत्पन्न मुखिया गोळा करतो आणि ज्याच्याकडे जे नाही ते त्याला पोचवितो, म्हणून लोक त्याला मानतात, असा तो सिद्धांत; आणि पर्वतशिखरापासून किनाऱ्यापर्यंत उभ्या पट्ट्यांनी विभागलेली हवाई बेटे हे त्याचे ठेवणीतले उदाहरण. पुढे टिमथी अर्ल यांनी १९७० च्या दशकात तेथील कौआई बेटाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा दिसले ते असे की प्रत्येक पट्टीतील रयत आपल्या गरजा बव्हंशी आपणच भागवीत असे, आणि वर गेलेला वसूल मुख्यतः मुखिये, त्यांचे कारभारी आणि त्यांच्या मोहिमा यांच्यावरच खर्ची पडे. वतनदारीचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला यात अचंबा वाटू नये.

शब्दाने खरा अनर्थ केला तो मात्र आग्नेय नायजेरियातील इग्बो प्रदेशात. तेथे बहुतेक गावांचा कारभार वडीलधाऱ्यांच्या सभा, समवयस्कांचे गट, पदव्यांची मंडळे आणि स्त्रियांच्या स्वतंत्र सभा यांच्या परस्पर धाकावर चाले. राजा नसण्याचा त्या लोकांना अभिमान होता. इंग्रजांना मात्र हुकूम कोणाच्या नावे काढावा हा पेच पडला, आणि उत्तरेकडील अमिरांच्या राज्यांत ब्रिटिश प्रशासक लुगार्ड यांना सोयीची ठरलेली अप्रत्यक्ष अंमलाची पद्धत, जेथे अमीर नव्हते तेथेही लागू करण्यासाठी त्यांनी अमीरच घडविले. जो गोऱ्या अंमलदारापुढे हजर झाला, ज्याला दुभाषाने पुढे ढकलले, अशा कित्येकांच्या हाती सनद पडली, डोक्यावर अधिकाराची टोपी चढली आणि न्यायकचेरीत बसण्याचा मान मिळाला. हे 'सनदी मुखिये' कोणाला उत्तरदायी होते? गावाला खचित नाही.

१९२८ साली पुरुषांवर प्रत्यक्ष कर बसला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ओलोको येथील ओकुगो नावाच्या सनदी मुखियाचा माणूस घरोघर शिरगणती करीत न्वान्येरुवा या बाईच्या अंगणात पोचला, तेव्हा आता कर बायकांवरही बसणार या धास्तीने तिने बोभाटा केला आणि हजारो स्त्रिया उठल्या. दोषी पुरुषाच्या दारात ठिय्या देऊन, नाचून, गाऊन त्याची अब्रू काढण्याची त्यांची जुनी रीत होती. तिचाच प्रयोग त्यांनी सनदी मुखियांवर केला, त्यांच्या टोप्या मागितल्या, कचेऱ्या जाळल्या. सरकारने गोळीबार केला आणि पन्नासांहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. त्यानंतर विद्वानांना पाठवून या लोकांची मूळ व्यवस्था काय होती याची चौकशी झाली आणि सनदी मुखियांची पद्धत मोडीत निघाली. चौकशी आधी आणि सनदा मागून, हा क्रम सरकारी दप्तराला का सुचला नसावा? माझे उत्तर असे की जिन्याची कल्पना डोक्यात पक्की बसली की जेथे पायरी नसते तेथेही पाऊल टाकले जाते. सर्व्हिस यांचा ग्रंथ तेव्हा लिहिलाही गेला नव्हता, पण कल्पना जुनीच होती.

मुखिया खरोखर होता का, आणि होता तर कसा, हा प्रश्न आपल्याकडे इनामगावात उभा राहतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे काळातील वस्तीमध्ये पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार मिळाले. नदीचे पाणी वळविणारा पाट आणि बांधही मिळाला. आणि इतर प्रौढांना पावले तोडून पुरण्याची चाल असताना एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घातलेला, पावले शाबूत असलेला एक पुरुष आढळला. म. के. ढवळीकर यांनी या पुराव्यावरून तेथे मुखियासत्ता असल्याचे अनुमान काढले. पाटाचे पाणी आणि कोठारातले धान्य या दोन्हींची वाटणी कोणीतरी करीत असणार, एवढ्यापुरते ते मला पटते. मुखियाचा मुलगा मुखिया झाला की नाही, हे एका दफनाने सिद्ध होत नाही. आणि ते कोठार गावाने दुष्काळासाठी राखलेले की घरधन्याने गावाकडून वसूल केलेले, याचा उलगडा घराशेजारच्या भिंती करीत नाहीत. हवाईचा अनुभव पाहता दुसऱ्या शक्यतेकडे माझा कल आहे. पुढे इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास तेथील चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली. त्या उतरत्या काळातील वस्तीलाही मुखियासत्ताच म्हणावयाचे असेल, तर तिच्यासाठी वेगळा पुरावा मागण्याचा हक्क वाचकाला आहे.