लाल शाईने झाकलेली चूक

कॉलेजात ‘पोर्टफोलिओ’ म्हटलं की नॅकच्या फाइलला जोडायचे फोटो आणि प्रमाणपत्रं, असाच समज आहे. मीही तेच समजत होतो. प्रथम वर्षाच्या मराठीच्या वर्गात प्रत्येकाला एक ऑनलाइन फोल्डर उघडायला लावला तो खरं तर वह्यांचे गठ्ठे घरी न्यायचा कंटाळा म्हणून. नियम एकच ठेवला. पहिला खर्डा पुसायचा नाही. त्याच्याखाली सुधारलेला लिहायचा आणि काय बदललं ते दोन ओळींत सांगायचं.

मार्चमध्ये सगळे फोल्डर सलग वाचले आणि ओशाळलो.

उर्दू माध्यमातून आलेली मुलं ‘पुस्तक चांगली आहे’, ‘घर मोठा आहे’, ‘मीने सांगितलं’ असं लिहीत होती. जूनमध्येही आणि मार्चमध्येही. एकेक उत्तरपत्रिका तपासताना मी त्यावर लाल रेघ ओढून गुण कापत आलो होतो. पण इतकी मुलं तीच चूक वर्षभर करत असतील तर ती त्यांची एकट्याची कशी? उर्दूत लिंगं दोनच. किताब स्त्रीलिंगी, म्हणून तिचं पुस्तक झालं तरी ते स्त्रीलिंगीच राहतं. तिथे ‘मैंने’ म्हणतात, म्हणून इथे ‘मीने’. ‘हम’मध्ये आम्ही आणि आपण दोन्ही मावतात, म्हणून ‘आपण’च्या जागी ‘आम्ही’ येतं. मुलं निष्काळजी नव्हती, नियम पाळत होती, फक्त दुसऱ्या भाषेचे. आणि आमच्या अभ्यासक्रमात नपुंसकलिंगावर एकही तास नव्हता. ते शाळेत झालंच असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढच्या वर्षी दोन ललित लेख वगळून चार तास याला दिले. एक सहकारी म्हणाले, साहित्याच्या तासाला व्याकरणाची शिकवणी लावलीत. त्यात तथ्य आहे, पण माझा इलाज नव्हता. त्या वर्षीच्या फोल्डरांत ‘पुस्तक’ आणि ‘घर’ बरेचसे जागेवर आले.

अडचणी आहेतच. घरात मोबाइल एकच, तोही वडील कामावर नेतात; म्हणून कागदावर लिहून नंतर फोटो टाकला तरी चालतो. मुलीचं लिखाण कोण कोण बघणार, असं काही पालकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. फोल्डर वर्गाबाहेर उघडत नाहीत, फोटोची सक्ती नाही.

२०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर सातत्यपूर्ण मूल्यमापनाची भाषा सगळीकडे सुरू आहे, तेव्हा असे फोल्डर उद्या सक्तीचे झाले तर नवल नाही. मला धास्ती आहे ती गुणांची. पहिल्या खर्ड्याला गुण लावले की मुलं तो लपवतील, कुठून तरी उतरवून गुळगुळीत काहीतरी चिकटवतील, आणि वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. म्हणून मी खर्ड्याला गुण देत नाही. विभागाच्या बैठकीत यावरून दोनदा वाद झाला, अजून मिटलेला नाही.

‘आम्ही’ आणि ‘आपण’चा घोळ यंदाच्या फोल्डरांतही तसाच आहे. त्यासाठी तास कुठून काढायचा, ते शोधतो आहे.