तिथीच्या पाऊणपट

हिवाळ्यात समुद्रकाठी महिनाभर राहण्याची प्रथा आता व्यापारी कुटुंबांतही दिसू लागली आहे. दुकानाची सूत्रे मुलाच्या हाती गेलेली असतात, डॉक्टरांनी हवापालट सुचविलेला असतो आणि अलिबाग-नागावकडे एखादे कौलारू घर भाड्याने घेतले जाते. पुढे बहुधा असे होते, की शेठजी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून फोनवर बाजारभाव विचारीत राहतात आणि शेठाणी स्वयंपाकघरात. गाव बदलते, दिनक्रम तोच.

बार्शीच्या भुसार बाजारात चाळीस वर्षे अडत चालविलेले एक गृहस्थ गेल्या पौषात पत्नीसह अलिबागला राहिले. त्यांचे पहिले आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी दुपारी तीन वाजता, समोर वाळू उघडी पडलेली पाहून, दोघे चालत कुलाबा किल्ल्यात गेले. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचे काम सुरू केले. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून शिरते व ओसरते, त्यामुळे तिचा मारा बोथट होतो. आत १७५९ मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलेले गणेशमंदिर आहे, आणि चहूकडे खारे पाणी असूनही गोड्या पाण्याचा तलाव आहे. हे सारे पाहण्यात अडीच तास गेले. दरवाजाबाहेर आले तो वाळूचा पत्ता नव्हता. गुडघ्याच्या वर पाणी, आणि बाईंचा एक गुडघा आधीच दुखरा.

शेवटची घोडागाडी निघत होती, म्हणून निभावले. गाडीवाल्याने लगाम धरता धरता विचारले, “शेठ, आज तिथी कोणती?” शेठजींना सांगता येईना. बाई म्हणाल्या, “द्वादशी.”

“मग बाई, बाराचे पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनला ओहोटी. साडेपाचला पाणी चढणारच.”

घरी पोहोचेपर्यंत सूर्य मावळला होता. चौविहाराचा नियम असल्यामुळे त्या रात्री दोघांच्याही पोटात काही गेले नाही. बाई मात्र पंचांग काढून बसल्या. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणून चाराने भागले, की भरतीची वेळ येते; त्यात सहा तास मिळविले, की ओहोटी. हा कोकणचा जुना ठोकताळा आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून किल्ल्यात जाण्यापूर्वी स्थानिक माणसाला विचारावेच. तत्त्व मात्र पक्के आहे : भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप आत जाते आणि अष्टमीच्या आसपास फारसे हटत नाही. ज्या घरात अष्टमी-चतुर्दशी पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते, त्या घरातील स्त्रीला हे शिकविण्याची आवश्यकता नव्हती. कोणी आजवर विचारले नव्हते इतकेच.

दुसऱ्या दिवसापासून बेत बाईच ठरवू लागल्या. स्वयंपाक ओहोटीच्या आधी उरकू लागला. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तेव्हा हवा कोरडी व सुखद असते. दुपारनंतर खारे वारे सुरू होतात. चालणे ओल्या, घट्ट वाळूवर. भुसभुशीत वाळूत घोटे व गुडघे लवकर थकतात. किनारा उतरता असल्याने जाताना एक पाय सतत खाली पडतो, म्हणून तितकेच अंतर त्याच वाटेने परत यावे. मधुमेह असणाऱ्याने अनवाणी चालण्याचा मोह टाळावा. ओहोटीच्या वाळूत खेकड्यांनी मांडलेल्या गोळ्यांच्या रांगोळ्या असतात, तेथे पाऊल जपून पडते, आणि शंख उचलण्यापूर्वी आत जीव आहे का हे पाहिले जाते. बहुधा असतोच.

अष्टमीला समुद्र हटेना, तेव्हा दोघांनी चौल-रेवदंड्याची वाट धरली; अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. वाटेत आक्षीला शके ९३४ चा शिलालेख आहे, मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. चौल हे ग्रीकांनाही ठाऊक असलेले बंदर. आज तेथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, गलबते नाहीत. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरात विक्रीसाठी एक घोडा घेऊन उतरला होता. रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे. पुढे जुन्नरच्या अधिकाऱ्याने तो घोडा हिसकावून घेतला आणि मोठ्या खटपटीने परत मिळाला. भांडवल एकाच जनावरात अडकविणाऱ्याचे हे हाल ऐकून अडतदार बराच वेळ स्मारकासमोर उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी बाजारभाव विचारला नाही.

गुडघ्याचे दुखणे काही बरे झाले नाही. पट्टा बांधूनच बाई चालत होत्या. पण पहिल्या आठवड्यात पाव कोस जड वाटणारी वाट त्या चौथ्या आठवड्यात कोसभर चालल्या.

निघण्यास चार दिवस उरले असता मुलाचा फोन आला. तुरीच्या एका मोठ्या सौद्याबद्दल त्याला सल्ला हवा होता, आणि वेळ दुपारची. शेठजींनी पत्नीकडे पाहिले.

“एकादशी,” त्या म्हणाल्या.

“अडीचला ओहोटी आहे,” शेठजी फोनवर म्हणाले, “सौदा तूच बघ. काही अडले तर पाचनंतर फोन कर.”