कपाटातली रिकामी जागा

दिवाळी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आता जरा निवांत लिहायला बसले आहे. विषय भांडणाचा आहे. जिच्याशी भांडण झालं तिला हे आधी वाचून दाखवलं आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी फोन करून चुगल्या करण्याची तसदी घेऊ नये. :)

तर झालं असं. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे सांगायला मी सकाळच्या एसटीने गुहागरला गेले. दुपारी परत येते तो ओटीवरच्या पुस्तकांच्या कपाटाचा पार कायापालट! पुतण्याने यंदा मागच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी तयार केल्या आहेत. फोटोत घर चांगलं दिसायला हवं म्हणून त्याच्या बायकोने मोबाइलवर बघून बघून कपाट ‘सजवलं’ होतं. वरच्या खणात निळी पुस्तकं, त्याखाली पिवळी, त्याखाली लाल. जी कुठल्याच रंगात बसेनात, ती उलटी करून, पाठ भिंतीकडे आणि पानं बाहेर. मधूनमधून चार-चार पुस्तकं आडवी, त्यांवर शंख, जुनी समई, तांब्याचा गडू. आणि लोणच्याच्या बरणीत मनीप्लांट.

“काकू, एक पैसा खर्च केला नाही. सगळ्या घरातल्याच वस्तू!”

पोरीने दिवसभर राबून केलं होतं. मी “छान” म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. शिक्षकी पेशात चाळीस मुलांसमोर राग गिळायची सवय होते, ती अशी कामी येते.

राग बाहेर आला तो दोन दिवसांनी. शेजारची एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती वाळंब्यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ मागायला आली. एरवी मी डोळे मिटून हात घातला असता. त्या दिवशी आम्ही दोघींनी अर्धा तास शोधलं. शेवटी ते समईखालच्या गठ्ठ्यात सापडलं, अर्थात उलटं.

आमच्या घरी पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालायची पद्धत. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर शाईने नाव लिहायचे, लेखकाचं आडनाव खाली. ह्यांना जाऊन सात वर्षं झाली. खाकी रंग कुठल्याच ओळीत शोभेना, म्हणून सगळी खाकी पुस्तकं उलटी लावलेली. म्हणजे घरात त्यांचं जेवढं अक्षर उरलं आहे, तेवढं भिंतीकडे तोंड करून उभं. वर्गात आम्ही शिक्षा म्हणून मुलांना असं उभं करायचो.

पण हे माझं हळवेपण झालं. त्यावरून कुणाशी वाद घालता येत नाही. वाद आहे तो पुढच्या गोष्टीवर.

ह्या सजावटवाल्यांचा एक नियम आहे म्हणे. कपाट गच्च भरू नये, रिकामी जागा सोडावी, म्हणजे डोळ्याला बरं वाटतं. अहो, आमच्या कपाटात रिकाम्या जागा होत्याच की! पण त्या डोळ्यासाठी नव्हत्या. आमच्याकडून गावात पुस्तकं जातात. हे होते तोवर वहीत नोंद असायची. नंतर वही मागे पडली आणि मी एक सोपी युक्ती केली. पुस्तक बाहेर गेलं की तिथली फट तशीच ठेवायची, शेजारची पुस्तकं सरकवायची नाहीत. दुसऱ्या खणात डावीकडून सहावी जागा मोकळी म्हणजे अमुक पुस्तक बाहेर आहे आणि ते अमक्याकडे आहे, हे मला बसल्या जागेवरून दिसायचं. त्या फटीच माझी वही होत्या. सूनबाईंनी एका दुपारी ती वही पुसून टाकली आणि सोयीच्या जागी नव्या रिकाम्या जागा काढून दिल्या. आता कुणाकडे काय आहे, ते मला सांगता येत नाही.

म्हणून म्हणते, रंगावरून पुस्तकं लावणं ही निरुपद्रवी हौस नाही. रंग मुखपृष्ठ करणाऱ्याने ठरवलेला असतो. पुढची आवृत्ती निघाली की तोही बदलतो. पुलंची पुस्तकं तीन खणांत विखुरली, शब्दकोश एका बाजूला आणि व्याकरण दुसऱ्या, तर माणूस शोधणार कसा? आणि सापडत नाही म्हटल्यावर हळूहळू शोधायचंच सोडून देणार. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम, पुस्तकं ही वापरण्यासाठी असतात, असा आहे. पुढच्या एका नियमात त्यांनी वाचकाचा वेळ वाचवायला सांगितलं आहे. आमचा अर्धा तास समईखाली गेला.

उलटी पुस्तकं लावण्याची तर गंमतच. युरोपात जुन्या काळी काही ग्रंथालयांत पुस्तकं खरोखरच पानं बाहेर करून ठेवत. कारण पुस्तकं साखळीने बांधलेली असत आणि साखळी मुखपृष्ठाच्या कडेला अडकवलेली असे. चोरी होऊ नये म्हणून केलेली ती सोय होती. आमच्या कपाटातल्या पुस्तकांना साखळी नाही, ती चोरायला कुणी येतही नाही. दुर्दैवाने.

आता कोकणापुरतं बोलते. पुण्या-मुंबईच्या घरातले फोटो बघून इथे कपाटं लावू नयेत. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमचं घर समुद्राजवळ, भिंती चिऱ्याच्या. श्रावणात मिठाला पाणी सुटतं, तिथे पुस्तकाची काय कथा! अशा ठिकाणी पुस्तकांच्या मांडीला मांडी लावून पाण्याची बरणी ठेवायची, म्हणजे बुरशीला आवतणच. दमट हवेत आडवे गठ्ठे आणि त्यांवर ओझं असलं की पानं एकमेकांना चिकटतात. पुस्तकाला पाण्याचं वैर किती, हे पाहायला लांब जायला नको. १८६४ साली स्थापन झालेलं चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आधी जुलै २००५ च्या आणि मग २२ जुलै २०२१ च्या महापुरात सापडलं. दोन्ही वेळा पुस्तकांचा चिखल झाला आणि दोन्ही वेळा लोकांनी ते ग्रंथालय पुन्हा उभं केलं. मध्ये २०१३ साली चिपळूणला साहित्य संमेलनही झालं. हा खटाटोप काही शोभेसाठी केला नसेल.

आणि पाहुण्यांना घर आवडावं म्हणूनच पुस्तकं मांडायची असतील, तर त्याचाही चांगला नमुना आपल्याकडे आहे. साताऱ्यातलं भिलार. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तकं ठेवली गेली. लोकांनी आपल्या राहत्या घरातल्या खोल्या त्यासाठी मोकळ्या केल्या. कुठल्या घरात कादंबरी, कुठल्या घरात इतिहास, असे विषय ठरलेले. वाटसरूने यावं, हवं ते काढावं, बसून वाचावं. तिथेही पर्यटकच येतात, तिथेही फोटो निघतात. पण पुस्तक हाताला लागतं.

हे सगळं मी सूनबाईंना तावातावाने ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाली, “काकू, तिसऱ्या खणाच्या मागे काय होतं, ते बघितलंत का?”

नव्हतं बघितलं. तिने मागीलदारी नेऊन गोणपाटावर ठेवलेला ढीग दाखवला. वाळवी! भिंतीला टेकलेल्या फळीतून मातीची घरं वर चढली होती आणि मागच्या रांगेतली सतरा पुस्तकं आतून पोखरून गेली होती. वरून हात लावला तर शाबूत, उघडलं तर भुगा. मला त्रास होऊ नये म्हणून तिने दोन दिवस सांगितलं नव्हतं. मी सात वर्षांत ती फळी हलवली नव्हती. ह्यांनी लावलेलं तसंच राहू दे, म्हणून. पुढच्या रांगेतली पुस्तकं देत-घेत राहिले, मागच्या रांगेला हात लावला नाही. म्हणजे शोभेसाठी कपाट लावायचा दोष मी जिला देत होते, तिने निदान प्रत्येक पुस्तक हातात तरी घेतलं होतं. तिने सजावट काढली नसती तर पुढच्या पावसात चौथा खणही गेला असता.

मी गप्प बसले. बाजू मात्र सोडली नाही. न वापरलेली वस्तू नासते, हेच तर मी म्हणत होते. ते माझ्यावरच उलटलं, एवढंच.

मग आम्ही दोघींनी मिळून कपाट पुन्हा लावलं. नियम एकच ठेवला : घरातली कुठलीही वस्तू कपाटात चालेल, पण तिला तिथे काहीतरी काम पाहिजे. गडू ओटीवर गेला, त्यात पिण्याचं पाणी. समई देवापुढे, शंख त्याच्या जागी, मनीप्लांट पडवीत. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. जुन्या सुती लुगड्याचे तुकडे फळ्यांवर, प्रत्येक खणात वेखंडाची पुरचुंडी. आमच्या घरच्या पोथ्यांना आजेसासूबाई तेच ठेवायच्या. रांग कलंडू नये म्हणून काय लावावं हा प्रश्न होता. सूनबाईंनी मिक्सर आल्यापासून कोपऱ्यात पडलेला वरवंटा आणून ठेवला. झकास बसला! फोटोतही तोच सगळ्यात चांगला दिसतो, हे मान्य करते. खाकी पाठी पुन्हा बाहेर आल्या. आणि खिळ्याला दोरीने पेन्सिल बांधून नवी वही लटकवली. पहिली नोंद वाळंब्यांची.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या फटी पुसल्या गेल्यामुळे कुणाकडे कुठलं पुस्तक आहे ते मला आठवत नाही. तेव्हा ज्या भाच्या-पुतण्यांनी, विहिणींनी आणि वाचक मित्रांनी आमच्याकडून पुस्तकं नेली आहेत, त्यांनी नाव कळवावं. लगेच परत करा असं म्हणत नाही. वाचत असाल तर ठेवा. पण वहीत लिहायचं आहे, आणि कपाटात तेवढी जागा मोकळी सोडायची आहे.