आधी पिकअपचं दार उघडा
अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनलेला एखादा फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपने ओढायचं चाकांवरचं घर, बघायला गेलं, की विक्रेता आधी स्वयंपाकघर दाखवतो, मग विजेवरची शेकोटी, मग बटण दाबताच भिंतीसकट बाहेर सरकणारी बैठकीची खोली. गिऱ्हाईक तिथेच विरघळतं. खरा निर्णय मात्र आपल्याच पिकअपच्या दाराच्या चौकटीवर, एका स्टिकरवर छापलेला असतो. हा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला नव्हे, तर हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसवलेल्या जोडणीत अडकतो. म्हणून तो रस्त्यावर कमी डोलतो. पण भरलेल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा थेट पिकअपच्या पाठीवर टाकतो. १२,००० पौंडांचा ट्रेलर असेल तर २,४०० पौंड. त्यात जोडणीचं लोखंड, चार माणसं आणि कुत्रा मिळवा. जाहिरातीत ठळक छापलेली ओढण्याची क्षमता कितीही असो, बहुधा दारावरच्या त्या स्टिकरवर लिहिलेली भार पेलण्याची क्षमता आधी संपते. शिवाय माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या ट्रेलरचं. ६० गॅलन पाणी भरलं की ५०० पौंड वाढलेच. ट्रेलर वापरलेला असेल तर छताचे सांधे, फुगलेली भिंत आणि टायरवरचे चार आकडे तपासा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वजनांची बेरीज स्टिकरवरच्या आकड्यात बसत नसेल तर दोनच मार्ग उरतात, लहान ट्रेलर किंवा मोठी पिकअप. दुसरा मार्ग धरणाऱ्याने नव्या पिकअपची किंमतही ट्रेलरच्याच खात्यात मांडावी आणि मगच स्वयंपाकघर किती आवडलं ते सांगावं.