तुटलेली वाक्यं



फराळासोबत राजकारण चघळणाऱ्या आपल्या वाचकांसाठी यंदाच्या दिवाळी अंकात निवडणुकांवर विशेष विभाग आहे. त्याची आखणी करताना संपादक मंडळात सर्वाधिक वाद झाला तो अमेरिकेतल्या एका जुन्या विधानावर.

३ जानेवारी २००८. न्यू हॅम्पशायरमधल्या डेरी गावात अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या जॉन मॅकेन यांची सभा. एक श्रोता म्हणाला, राष्ट्राध्यक्ष बुश इराकमध्ये ५० वर्षं राहायची भाषा करतात. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मॅकेन उत्तरले, कदाचित १००! लगेच त्यांनी जपान आणि दक्षिण कोरियाचा दाखला देत अट घातली: आपली माणसं मरत नसतील, जखमी होत नसतील, तर माझी हरकत नाही. अट हवेत विरली, १०० तेवढे उरले. पुढच्याच महिन्यात प्रतिस्पर्धी बराक ओबामा प्रचारात सांगत होते की मॅकेनना इराकमध्ये आणखी १०० वर्षं युद्ध हवंय.

ओबामांनीही हा प्रसाद चाखला. १ ऑगस्ट २००७ रोजी ते म्हणाले होते, पाकिस्तानातल्या बड्या दहशतवाद्यांची पक्की खबर असेल आणि तिथले अध्यक्ष मुशर्रफ हलत नसतील, तर आम्ही कारवाई करू. मॅकेन यांनी त्याचं 'मित्रराष्ट्रावर बॉम्ब टाकायची सूचना' करून टाकलं. फिट्टंफाट!

उमेदवार एकमेकांची वाक्यं तोडणारच. पण पत्रकारांनी ते तुकडे कित्येक दिवस फिरवत बसावं, हे अक्षम्य आहे. आणि यात उमेदवाराचं नुकसान होतं तसा तो वाचतोही. जपान-कोरियात फौजा राहिल्या त्या लढाई थांबल्यावर. इराकमध्ये स्फोट चालूच होते. मग मॅकेन यांची अट पुरी होणार कशी, आणि तोवर किती बळी जाणार? खरा अडचणीचा प्रश्न हा होता. तो विचारायला अट आधी लोकांपुढे यायला हवी होती. ती न आल्यानं 'माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला' एवढ्यावर मॅकेन यांना सुटता आलं.

ओबामांचं विधान तर आपल्या शेजारघरचं. २ मे २०११ रोजी अबोटाबादेत ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईत ते अमलात आलं, पाकिस्तानला आधी न कळवता.

दैनिकांना, वाहिन्यांना घाईची सबब आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिच्यात ही सबब चालत नाही. आमच्या हाती वर्ष असतं. म्हणून यंदा लेखकांना बजावलं: नेत्याचं विधान घ्याल, तर विचारलेल्या प्रश्नासकट आणि शेवटपर्यंत घ्या. परिणामी दोन लेख ऐसपैस झाले आणि एक चांगली कथा पुढच्या वर्षावर गेली. कथाकारांनी राग मानू नये.

तरीही या अंकात कुठे वाक्य अर्धवट तोडलेलं आढळलं, तर पान क्रमांकासह पत्र टाका. पूर्ण विधान छापायला आम्ही बांधील आहोत.



– संपादक