के. टेलर

तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेसाठी आम्ही सातवीच्या मुलींना पालकांच्या संमतीचे अर्ज दिले होते. दुसऱ्याच दिवशी एक अम्मी कोरा अर्ज घेऊन शाळेत आल्या. "सर, मुलीच्या जातीला हा धसमुसळा खेळ कशाला?" आम्ही चहा मागवला आणि त्यांना आयर्लंडच्या केटी टेलरची हकीकत सांगितली. कबड्डी परवडली, ही पोर तर बॉक्सिंग करायची!

केटीचा जन्म १९८६ चा, डब्लिनजवळच्या समुद्रकाठच्या ब्रे गावातला. वडील पीटर स्वतः बॉक्सर, तेच तिचे उस्ताद. त्या काळी आयर्लंडमध्ये मुलींना अधिकृत सामन्याची इजाजतच नव्हती. मग यादीत नुसते 'के. टेलर' लिहायचे, केस हेडगार्डखाली खोचायचे आणि मुलांशी लढायचे. सामना संपून हेडगार्ड उतरले की लोकांना कळायचे, आपला गडी मुलीकडून हरला! यात थोडी लबाडी होती, हे आम्ही शिक्षक म्हणून कबूल करतो. पण कुणाचा हक्क बुडवण्यासाठी ती नव्हती.

३१ ऑक्टोबर २००१ रोजी डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये देशातला मुलींचा पहिला अधिकृत सामना झाला. पंधरा वर्षांची केटी तो जिंकली. २००६ मध्ये ती प्रथम जगज्जेती झाली, तीही आपल्या दिल्लीत. त्याच स्पर्धेत मेरी कोमनेही सुवर्ण घेतले होते. पुढे २०१४ पर्यंत ६० किलो गटाचे जगज्जेतेपद केटीने सलग पाचदा मिळवले. मधल्या काळात आयर्लंडच्या संघातून फुटबॉलही खेळली.

ऑलिंपिकमध्ये मात्र महिलांचे बॉक्सिंग आले ते थेट २०१२ ला, लंडनमध्ये. तेही तीनच वजनगटांत, पुरुषांना दहा! मेरी कोमला आपला गट सोडून ५१ किलोत उतरावे लागले, तरी तिने कांस्य आणले. केटीची अंतिम लढत रशियाच्या सोफिया ओचिगावाशी होती. दुसरी फेरी संपली तेव्हा केटी एका गुणाने मागे होती. शेवटी १०-८ ने जिंकली. कोपऱ्यात वडील उभे होते.

"आणि तिची अम्मी?" बाईंनी विचारले. आम्हाला हाच प्रश्न हवा होता. आई ब्रिजेट स्वतः बॉक्सिंगच्या पंच झाल्या. आयर्लंडमध्ये हे काम करणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी त्या एक.

हकीकत अर्धी सांगू नये, म्हणून पुढचेही सांगितले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी आईवडील वेगळे झाले आणि पीटर यांनी प्रशिक्षण सोडले. रिओत केटी पहिल्याच लढतीत फिनलंडच्या मीरा पोटकोनेनकडून हरली. त्याच वर्षी हौशी बॉक्सिंग सोडून ती व्यावसायिक झाली.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग अर्जाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "मुलीच्या अब्बांना विचारते," म्हणाल्या. अर्ज अजून परत आलेला नाही. शेवटची तारीख शनिवार आहे.