तोंड वाकडं झालं? "वारं गेलं" म्हणत तीन दिवस घालवू नका!

सकाळी चूळ भरताना ओठाच्या एका कोपऱ्यातून पाणी गळतं. आरशात पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, एक डोळा मिटत नाही. घरच्यांचं निदान तयार असतं: "तोंडावरून वारं गेलं." मग कोमट तेलाची मालीश, लेप, गावातला ठरलेला माणूस. डॉक्टर आठवतात ते आठवड्याने.

स्पष्ट सांगतो, यात वाऱ्याचा काही संबंध नाही. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या असतात. त्यातली सातवी चेहऱ्याची. हसणं, गाल फुगवणं, डोळा मिटणं, कपाळाला आठ्या घालणं ही तिची कामं. जिभेच्या पुढच्या भागाची चवही तीच मेंदूपर्यंत नेते. म्हणून या आजारात काहींची चव बदलते. ही नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. तिला सूज आली की पसरायला जागा नसते, ती आवळली जाते. यालाच 'बेल्स पाल्सी' म्हणतात. अडचण हाडाच्या आत आणि तुम्ही तेल चोळताय गालावर!

"पण आमच्या शेजाऱ्यांना मालिशनेच गुण आला!" येणारच. काहीही न करता 10 पैकी सुमारे 7 जण पूर्ण बरे होतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. प्रश्न उरलेल्या तिघांचा आहे. त्यांचा चेहरा थोडाफार वाकडा राहू शकतो, काहींचा तर जेवताना डोळा गळतो. तुम्ही सातांत की तिघांत, हे पहिल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. म्हणून 72 तासांच्या आत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू व्हायला हव्यात. नाव ऐकून घाबरू नका, कोर्स थोड्या दिवसांचाच असतो. मात्र त्यांनी साखर वाढते, तेव्हा मधुमेह असेल तर आधी सांगा आणि मनाने दुकानातून आणून घेऊ नका.

न मिटणारा डोळा मालीशवाला सांभाळत नाही. तो कोरडा पडून बुबुळावर जखम होऊ शकते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी टेपने बंद, हे पहिल्या दिवसापासून हवं.

आणि सगळ्यात मोठा धोका: ते 'वारं' पक्षाघातही असू शकतं. बेल्स पाल्सीत त्या बाजूची भुवई सहसा वर उचलत नाही. भुवई उचलतेय पण ओठ वाकडा आहे, किंवा हात-पाय लुळा पडलाय, बोलणं अडखळतंय, तर तडक मोठं रुग्णालय गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. पण भुवईवरून घरीच निकाल लावू नका. तोंड वाकडं दिसलं की त्याच क्षणी निघा.

मालीश करणाऱ्यांची माया खरी असते. तीच माया रिक्षा बोलावण्यात दाखवा.